तानपुऱ्याच्या कसोटीवर एक ॲम्प्लिफायर

किशोरी आमोणकरांचा ‘सहेला रे’चा भूप लावला की मी सध्या गाण्यातल्या मोकळ्या जागा ऐकतो. एक आलापी मिटते, पुढची अजून उमटायची असते, आणि मधल्या श्वासभर जागेत तानपुरा पुढे येतो. मैफलीत तो मागे बसलेला असतो. नीट जुळलेल्या यंत्रावर त्या क्षणी सगळी खोली त्याची होते. छेडताक्षणी तार जे सांगते ते थोडे. बोट सुटल्यावर ती घोडीच्या किंचित उतरत्या पाठीवर, जवारीच्या दोऱ्यापाशी, अंग घासत राहते आणि एका षड्जातून पंचम, गंधार आणि त्यांच्याही वरचे पातळ, चमकदार उपस्वर उलगडत जातात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवले होते. तार जिथे छेडली त्या जागी ज्या उपस्वरांचा निस्पंद, म्हणजे न हलणारा बिंदू, येतो ते उमटू नयेत, असा तारेचा नेहमीचा नियम. तानपुऱ्याच्या वक्र घोडीवर ते खणखणीत उमटतात. मिरजेच्या कारागिराला हा नियम कधी कागदावर मांडावा लागला नाही. तो दोरा केसभर सरकवतो आणि कानाने ओळखतो.

घरातला ॲम्प्लिफायर ठेवायचा की एक्स्चेंजमध्ये देऊन टाकायचा, याचा निवाडा गाण्यातल्या या जागेवर करावा असे माझे ठाम मत आहे. वॉटचे आकडे, रिमोट, ब्लूटूथ हे सगळे त्यानंतर.

प्रश्न खराच समोर उभा आहे. जालन्यातल्या आमच्या घरी १९८० च्या दशकातला, भारतात बनलेला एक स्टिरिओ ॲम्प्लिफायर आहे. दर चॅनेलला तीसेक वॉट, पुढे घासलेल्या ॲल्युमिनियमची पट्टी, मागे काळे हीट सिंक, आणि उचलायला गेले की एका बाजूने हात खाली ओढणारा जड ट्रान्सफॉर्मर. छत्रपती संभाजीनगरच्या एका दुकानात हा दिला, तर नव्या डिजिटल ॲम्प्लिफायरच्या किमतीतून दीड हजार रुपये कमी होतील. दुकानदार दिलदार. नवे यंत्र काही दिवस घरी ऐकून पाहा म्हणाला आणि गाडीत ठेवूनही दिले. दीड हजार हा अर्थात आतल्या तांब्याचा आणि पत्र्याचा भाव आहे. जालना हे भंगार वितळवून सळई ओढणारे गाव; लांबलांबून आलेले जुने लोखंड इथल्या इंडक्शन भट्ट्यांत पडते. वस्तूला वजनावर भाव लागणे म्हणजे काय, हे इथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. म्हणूनच भाव लागण्याआधी ती वस्तू काय करते हे पुरते ऐकून घ्यावे असे वाटले.

अशा यंत्रांची एक पिढीच होती. कोलकात्यात १९७० मध्ये सोनोडाइन सुरू झाली, मुंबईत कॉस्मिकचे नाव झाले, दिल्लीच्या अहुजाचे ॲम्प्लिफायर तर आपण लग्नाच्या मांडवात आणि गणपतीच्या मंडपात पाहतच मोठे झालो. परदेशी यंत्र हवे तर आखातातून येणारा कुणी नातेवाईक गाठावा लागे. १९९१ च्या उदारीकरणापर्यंत आयातीची वाट अरुंदच होती. त्यामुळे इथल्या अभियंत्यांनी मिळतील त्या सुट्या भागांतून यंत्रे उभी केली, आणि ते भाग साधे, दणकट, कुठेही मिळणारे होते. आमच्या ॲम्प्लिफायरच्या हीट सिंकवर बसलेला २एन३०५५ हा ट्रान्झिस्टर त्यातलाच. अमेरिकेच्या आरसीए कंपनीने तो १९६० च्या दशकात आणला, पुढे तो भारतातही बनू लागला, आणि धातूच्या चपट्या टोपीतला त्याचा आकार रेडिओ दुरुस्त करणारा कोणताही माणूस डोळे मिटून ओळखेल. चाळीस वर्षांनीही त्याला जोडीदार मिळतो. एक्स्चेंजच्या हिशेबात ही गोष्ट कुणी धरत नाही. मी ती पहिली धरतो.

तानपुऱ्यावर मी एवढा का अडतो, ते यंत्राच्या पोटात शिरल्याशिवाय कळायचे नाही. या ॲम्प्लिफायरच्या शेवटच्या टप्प्यात दर चॅनेलला दोन ट्रान्झिस्टर आहेत. ध्वनीची लहर वर गेली की एक काम करतो, खाली गेली की दुसरा. प्रत्येकाला जागे व्हायला सुमारे ०.६ व्होल्ट लागतात. म्हणजे लहर शून्याच्या आसपास असताना दोघेही झोपलेले, आणि नेमका तेवढा तुकडा गाण्यातून गळून पडायचा. तसे होऊ नये म्हणून दोघांतून आधीपासूनच थोडा प्रवाह वाहता ठेवतात. त्याला बायस म्हणतात. बायस कमी पडला की हातातून हातात जाताना स्वर ठेचकाळतो.

आता आकडे पाहू. आमच्या स्पीकरची संवेदनशीलता ८८ डेसिबल आहे: एका वॉटला एका मीटरवर ८८ डेसिबल. रात्री घरचे झोपल्यावर आपण ऐकतो ते ६८ डेसिबलच्या आसपास. त्याला एक शतांश वॉट पुरतो, म्हणजे आठ ओहमच्या स्पीकरवर जेमतेम ०.२८ व्होल्ट. आणि तानपुऱ्याची सरत आलेली आस त्याच्याही ४० डेसिबल खाली गेली, तर उरतात तीन मिलिव्होल्ट. दुकानात ज्या तीस, पन्नास, शंभर वॉटची बोली चालते, त्यांचा इथे काहीच संबंध नाही. जे घडते ते लहर शून्य ओलांडते त्या अरुंद फटीत. शिवाय बायस चुकल्याने जी विकृती येते तीही उपस्वरांच्याच रूपात येते, विशेषतः विषम उपस्वरांच्या. ती जवारीच्या उपस्वरांत मिसळली की तानपुरा रेशमासारखा न लागता तारेच्या घासणीसारखा लागतो. पियानो किंवा गिटार वाजत असती तर एवढे लक्षातही आले नसते. तानपुरा मात्र केवळ उपस्वरांचेच वाद्य आहे, आणि सतत वाजणारे. ॲम्प्लिफायर पारखायला याहून बारीक साधन आपल्याकडच्या कुठल्याही घरात नसेल.

पहिल्या ऐकण्यात आमच्या जुन्या यंत्राचा डावा चॅनेल या परीक्षेत नापासच झाला. उजवीकडून तानपुरा गोल येत होता, डावीकडून कोरडा. नव्या यंत्रावर दोन्हीकडून सारखा आणि मागची शांतता अगदी काळीभोर. त्या संध्याकाळी निकाल लागल्यासारखाच होता. पण थकलेल्या यंत्राची तुलना ताज्या यंत्राशी करणे हा न्याय नव्हे. दुखणे वयाचे आहे की स्वभावाचे, हे आधी कळायला हवे.

कुंडलिकेच्या पलीकडे, जुन्या जालन्यात, ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारे एक चाचा बसतात. त्यांच्याकडे बहुतेक काम येते ते लग्नाच्या आणि मंडळांच्या साउंडचे, जळालेल्या चॅनेलचे. मराठवाड्याच्या गावोगावी हे कसब आज टिकून आहे ते घरच्या श्रोत्यांमुळे नव्हे, वरातींमुळे टिकून आहे, आणि ज्याला आपण कर्कश म्हणून नाक मुरडतो त्या धंद्याचे हे ऋण मला मोकळेपणाने मान्य आहे. चाचांनी झाकण काढले, मल्टिमीटर लावला आणि स्पीकरच्या टोकांवर डीसी पाहिला. तो दोन्हीकडे वीस मिलिव्होल्टच्या आत होता. मग म्हणाले, “सर, हे यंत्र मेलेलं नाही. कंडेन्सर थकलेत आणि ह्या बाजूचा प्रीसेट सरकलाय.”

कंडेन्सर थकण्याचा हिशेब आमच्या गावात निराळा आहे. वीज साठवणाऱ्या साध्या कंडेन्सरवर बहुधा ८५ अंश सेल्सिअसला २००० तास असे आयुष्य लिहिलेले असते, आणि तापमान दर दहा अंशांनी उतरले की ते साधारण दुप्पट होते. ५५ अंशांना ते १६,००० तास भरते. जालन्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. बंद खोलीत, कपाटात ठेवलेल्या ॲम्प्लिफायरच्या पोटात ५५ अंश सहज होतात. बाराही महिने मे असता तर रोज दोन तास ऐकणाऱ्याचे कंडेन्सर सुमारे २२ वर्षांत संपले असते. आमच्यांनी हिवाळ्यांच्या कृपेने त्याहून बरेच अधिक निभावले. तेव्हा चाळीस वर्षांच्या यंत्रात ते बदलावे लागणे ही देखभाल झाली. सायकलची ट्यूब बदलली म्हणून कुणी सायकल एक्स्चेंजला काढत नाही. चाचांनी फिल्टरचे मोठे कंडेन्सर बदलले, वाटेतले लहानही बदलले, व्हॉल्यूमच्या नॉबमधली खरखर स्प्रेने धुतली, दोन ठिकाणचे ड्राय सोल्डर पुन्हा झाळले, आणि शेवटी छोट्या पेचकसाने प्रीसेट फिरवून दोन्ही चॅनेलचा बायस सारखा केला. मग अर्धा तास तापू दिला आणि पुन्हा मोजला. तापलेल्या ट्रान्झिस्टरचा बायस सरकतो. थंड यंत्रावर जुळवून दिलेला माणूस घाईचा समजावा.

यानंतर खरी तुलना. ती करताना एक पथ्य कडक पाळावे: दोन्ही यंत्रांचा आवाज काटेकोर सारखा करावा. कान जरा मोठ्या आवाजाला नेहमी चांगला आवाज समजतो, आणि अर्ध्या डेसिबलचा फरक मोठा म्हणून जाणवतच नाही, तो ‘जिवंत’ आणि ‘भरदार’ म्हणून जाणवतो. सोपा मार्ग असा की साध्या मल्टिमीटरला नीट मोजता येईल असा ५० ते १०० हर्ट्झचा टोन वाजवावा आणि स्पीकरच्या टोकांवरचा एसी व्होल्टेज दोन्ही यंत्रांवर एकच आणावा. अर्धा डेसिबल म्हणजे जवळजवळ सहा टक्के व्होल्टेज. तेवढीही सूट देऊ नये. घरात व्होल्टेज खालीवर होत असेल तर स्टॅबिलायझर मध्ये असू द्यावा. दुकानात कुणी हे करत नाही, म्हणून दुकानात ऐकून ठरवू नये.

असे जुळवून मी ‘कॉल ऑफ द व्हॅली’ लावली. १९६७ ची ही तबकडी: शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार आणि माणिकराव पोपटकरांचा तबला, काश्मीरच्या एका मेंढपाळाचा दिवस रागांच्या प्रहरांतून सांगणारी. ती गोड आहे म्हणून पुष्कळांनी तिला पार्श्वसंगीत करून टाकले. मला ती ध्वनीच्या आकारांचा कोश वाटते. संतुराच्या कलमाचा आघात म्हणजे सरासरीच्या दहा-पंधरा डेसिबल वर उसळणारे टोक, आणि दहा डेसिबल म्हणजे दहापट शक्ती. बासरी त्याच्या उलट: तिला शक्ती लागत नाही, पण फुंकीतली हवा आणि स्वर यांतली शिवण दिसावी लागते. गिटारची मींड एका स्वरातून दुसऱ्यात घसरते तेव्हा मधे कुठेही पायरी लागता कामा नये. आणि पोपटकरांच्या डग्ग्यावर तळहात सरकला की खालचा नाद वाकतो; स्पीकरचा पडदा ॲम्प्लिफायरच्या ताब्यात नसेल तर तो वाकण्याऐवजी नुसता फुगतो.

डग्ग्यावर नवे यंत्र सरस ठरले, यात शंका नाही. त्याची पकड घट्ट आहे, घुमारा नेमक्या जागी थांबतो. वीजही कमी खाते. शक्तीचा नव्वद टक्क्यांच्या घरातला वाटा स्पीकरला देते, म्हणून मे महिन्यात हाताला गार लागते. जुने यंत्र त्याच वेळी खोली तापवत असते. संतुराच्या आघातावर दोघांत फरक सांगता आला नाही. तीस वॉट घरातल्या खोलीला पुरतात, हे १९७८ च्या एनएडी ३०२० ने जगाला दाखवून दिलेच होते: एरिक एडवर्डसन यांनी आखलेला, कागदावर अवघा वीस वॉटचा, पण अवघड स्पीकरवर क्षणभराच्या उसळीला दमदार उभा राहणारा. बासरीच्या फुंकीवर मी पुन्हापुन्हा बदलून ऐकले आणि जुन्याच्या बाजूने झुकलो, पण त्यावर पैज लावणार नाही.

तानपुऱ्यावर आलो तेव्हा डावा-उजवा भेद गेला होता. दोन्ही बाजूंनी एकच तानपुरा येत होता, आणि किशोरीताई पुढच्या आलापीसाठी थांबतात तिथे षड्जाची आस शेवटपर्यंत, खोलीच्या पंख्याच्या आवाजात विरेपर्यंत, न ठेचकाळता जात होती. नव्या यंत्रावरही जात होती. मागची शांतता नव्याची अधिक. उपस्वरांचा क्रम दोघांवर तोच. मग मी तबकडीवरून तीच जागा ऐकली, आणि इथे पारडे झुकले.

तबकडी कापताना खर्ज मुद्दाम दाबतात आणि टिपेचे चढवतात; आरआयएएच्या १९५४ च्या प्रमाणानुसार २० हर्ट्झला सुमारे वीस डेसिबल कमी, २०,००० हर्ट्झला तेवढेच जास्त. वाजवताना हे उलटे करावे लागते, आणि तेही सुईकडून येणाऱ्या पाचेक मिलिव्होल्टच्या इवल्या संदेशावर. जुन्या यंत्रांत हा फोनो टप्पा मुख्य पाहुण्यासारखा मानाने बसवलेला असे, कारण तेव्हा ऐकण्याचे मुख्य साधन तेच होते. नव्या यंत्रात तो आहे, पण आल्या-गेल्याच्या सोयीसाठी ठेवल्यासारखा: संदेश आधी आकड्यांत बदलतो आणि मग पुढे जातो. त्यात पाप काही नाही. तरी आमच्याकडच्या सुईवर त्याच्या फोनोचा मूळ फुसकारा इतका वर येत होता की ज्या काळ्याभोर शांततेचे कौतुक मी करत होतो ती तबकडीवर उरलीच नाही. घरातले निम्मे संगीत तबकड्यांवर असेल तर ही बाब लहान नव्हे.

जुन्या यंत्राच्या पुढच्या पट्टीकडे पाहताना तिच्यावरचे बटण न् बटण ऐकणाऱ्याला ओळखून ठेवलेले दिसते. लाउडनेस आहे: मंद आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवले, आणि रात्री हळू ऐकणाऱ्यासाठी हे बटण तेवढा खर्ज भरून देते. टेप मॉनिटर आहे, आकाशवाणीवरची मैफल कॅसेटवर उतरवणाऱ्यांच्या काळाचा. आणि मोनोचे बटण आहे, जे नव्या यंत्रात शोधून सापडले नाही. त्याचे मोल बालगंधर्वांपाशी कळते. घरात त्यांच्या काही ७८ च्या तबकड्या आहेत. मोनो खोबणीत गाणे सुईच्या आडव्या हालचालीत असते. धूळ आणि झिजेची बरीच खरखर उभ्या हालचालीतून येते आणि दोन चॅनेलांत एकमेकांच्या उलट उतरते. बटण दाबले की दोन्ही चॅनेलांची बेरीज होते, खरखरीचा तो भाग आपोआप कटतो आणि आवाज दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये येऊन उभा राहतो. ऑर्गनच्या पुढे, तबल्याच्या किंचित वर, कुठल्याही जोराशिवाय लागलेला तो गळा. हरकत संपताना ते शेवटचा स्वर जसा अर्धवट सोडून देतात, तो सोडलेला स्वर खरखरीतून सुटून ऐकू येणे हा आनंद मला तरी दीड हजारांत विकायचा नाही.

ज्याचे ऐकणे मोबाइलवरून आणि टीव्हीवरून आहे, ज्याच्याकडे तबकड्या नाहीत, त्याने नवे यंत्र बेलाशक घ्यावे. तेही मन लावून केलेले काम आहे. जुन्याचा ट्रान्सफॉर्मर जळाला असेल, किंवा आतली एखादी आयसी बाजारातून नाहीशी झाली असेल, तर हट्ट धरण्यात अर्थ नाही. उंदरांनी वायरिंग कुरतडलेले यंत्र चाचाही परत पाठवतात. पण ज्या यंत्राचा स्पीकरच्या टोकांवरचा डीसी ठीक आहे, ट्रान्सफॉर्मर शांत आहे आणि शेवटचे ट्रान्झिस्टर बाजारात मिळतात, त्याला आधी दुरुस्तीच्या टेबलावर न्यावे. आमच्याकडे दुरुस्तीचा खर्च नव्याच्या किमतीच्या जवळपासही गेला नाही.

नवे यंत्र खोक्यात भरून दुकानात परत नेले. दुकानदाराला वाईट वाटले नाही. उरलेल्या पैशांत काय बसते म्हणून त्याने विचारले, तेव्हा मी त्याच्याकडूनच दोन सुया मागवल्या: एलपीसाठी इलिप्टिकल, आणि ७८ च्या रुंद खोबणीसाठी तीन मिलची वेगळी.